श्रद्धेचे आणि अश्रद्धेचेही स्वातंत्र्य : बाबासाहेबांच्या चरित्रातील एक पैलू

सोनारी म्हटले की परंडा परिसरात सर्वप्रथम काळभैरवनाथाचे देवस्थान आठवते. यात्रेला दूरदूरचे भाविक येथे येतात. अशा श्रद्धाळू परिसरात शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील एक कमी परिचित पैलू जाणून घ्यावा, या हेतूने हा लेखनप्रपंच. ज्याचा कोणत्याही देवावर वा धर्मावर विश्वास नाही, त्याचे कायद्यापुढील स्थान कोणते, हा तो विषय होय.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव कबीरपंथी घरात वाढले. पिता रामजी यांच्या घरी भजन व पाठांतर नित्याचे होते. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वलिखित बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कोलंबिया आणि लंडन येथे उच्च विद्या संपादन करून परतलेल्या या विद्वानाला १९२७ मध्ये महाडला पाण्यासाठी आणि १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे त्यांनी धर्मत्यागाचा निर्धार जाहीर केला. त्यानंतर धम्मदीक्षेपर्यंत एकवीस वर्षे लोटली. जुना धर्म सोडण्याचा निश्चय झालेला आणि नवा अद्याप स्वीकारलेला नाही, अशा उंबरठ्यावर ते स्वतः उभे होते. माणसाच्या अंतःकरणाची ही अवस्था त्यांनी अनुभवली होती.

येवल्याच्या आदल्या वर्षी त्यांनी रघुनाथ धोंडो कर्वे यांचे वकीलपत्र घेतले होते. कर्वे हे उघड नास्तिक आणि संततिनियमनाचे प्रचारक. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला होता. खटल्यात यश आले नाही, कर्व्यांना दंड झाला. तथापि समाजाने एकाकी पाडलेल्या विवेकवाद्याच्या बाजूने बाबासाहेब न्यायालयात उभे राहिले. १९४१ च्या फेब्रुवारीत ते आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते, ही आपल्या भूमीची अभिमानाची आठवण.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधानाची मसुदा समिती नेमली गेली व तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पदाच्या शपथेत ईश्वराचे नाव असावे, असा आग्रह संविधान सभेत झाला. बाबासाहेबांनी तो अव्हेरला नाही. श्रद्धावानाला देवाच्या नावाने बळ मिळते, हे त्यांनी मानले. मात्र ज्याची तशी श्रद्धा नाही, त्याच्यासाठी गांभीर्यपूर्वक दृढकथनाचा मार्ग तितक्याच मानाने खुला राहिला. म्हणूनच आज सरपंचापासून राष्ट्रपतीपर्यंत कोणालाही देवाचे नाव न घेता पद स्वीकारता येते. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेचा प्रारंभ ईश्वराच्या नावाने करण्याची ह. वि. कामत यांची सूचना मतास टाकण्यात आली. ४१ विरुद्ध ६८ मतांनी ती फेटाळली गेली आणि उद्देशिका ‘आम्ही भारताचे लोक’ यांच्याच नावाने सुरू झाली.

विवाहाच्या बाबतीतही हाच प्रश्न होता. १८७२ च्या कायद्यानुसार नोंदणी विवाह करणाऱ्यांना आपण प्रचलित धर्मांपैकी कोणताही मानत नाही, असे लिहून द्यावे लागे. १९२३ मध्ये ही अट काहीशी सैल झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांनी स्वतः डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीनेच विवाह केला. हिंदू कोड बिल रखडल्याने १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्माविषयीचे ते निवेदनच काढून टाकले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी स्वतःसाठी मार्ग निवडला; तो न निवडणाऱ्याचा हक्क मात्र संविधानात अबाधित राहिला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कलम २५ च्या आधारे असा निर्णय दिला, की कोणत्याही व्यक्तीस आपला धर्म जाहीर करण्याची सक्ती शासन करू शकत नाही व आपला कोणताच धर्म नाही असे म्हणण्याचा तिला हक्क आहे.

आपल्या शाळेच्या संदर्भात कलम २८ विशेष महत्त्वाचे आहे. शासनमान्य वा अनुदानित शाळेतील विद्यार्थ्यास त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकांच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षण वा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. हा नियम जसा इतरांच्या प्रार्थनेला लागू आहे, तसा आपल्या वंदनेलाही आहे. सकाळच्या वंदनेच्या वेळी एखादा विद्यार्थी हात न जोडता शांत उभा राहिला, तर त्याच्याकडे वाकड्या नजरेने न पाहणे, हेही बाबासाहेबांना केलेले अभिवादनच होय.

जयभीम!