कुंडी, वाळू आणि जाळी: टॅरंटुलाला घर बांधून देणारा फाब्र

यूट्यूबवर 'टॅरंटुला एन्क्लोजर' असं टाकून बघा. लेझरने कापलेलं ॲक्रिलिक, थ्रीडी प्रिंट केलेल्या बिजागऱ्या, ओलावा मोजणारा सेन्सर, मोबाईलवर येणारं नोटिफिकेशन, सगळं दिसेल. हे सगळं भारी आहेच. पण कोळी, विंचू, अळ्या अशा प्राण्यांसाठी घर कसं बांधायचं, हा विचार एका माणसाने यातलं काहीही हातात नसताना केला होता. त्याच्याकडे होत्या मातीच्या कुंड्या, वाळू, काचेची तावदानं आणि तारेच्या जाळीचे घुमट. त्याचं नाव ज्याँ-आँरी फाब्र.

गरिबीतून आलेला मास्तर

फाब्रचा जन्म डिसेंबर १८२३ चा, दक्षिण फ्रान्समधल्या सेंट-लेऑन या गावातला. घरची शेती जेमतेम. वडिलांनी गाव सोडून शहरात खानावळीसारखे धंदे करून पाहिले, पण एकही नीट चालला नाही. पोरगा लहान वयातच कामाला लागला. जत्रेत लिंबं विकली, रेल्वेच्या कामावर मजुरी केली. पुढे आव्हिन्यों गावात शिक्षक घडवणाऱ्या शाळेची शिष्यवृत्ती मिळाली आणि अठरा-एकोणीस वर्षांचा असताना तो कार्पांत्रा इथे मास्तर झाला.

पगार थोडा आणि तोही वेळेवर नाही. तरी गणित आणि भौतिकशास्त्राच्या पदव्या त्याने स्वतः अभ्यास करून मिळवल्या. काही वर्षं कॉर्सिका बेटावर शिकवलं आणि १८५३ पासून आव्हिन्योंच्या शाळेत.

त्या काळातलं बरंचसं कीटकशास्त्र टाचणीवर चालायचं. किडा पकडा, मारा, टाचणीने टोचा, नाव द्या. लेऑन द्यूफूर हे तेव्हाचे मोठे कीटकतज्ज्ञ. त्यांनी एका गांधीलमाशीबद्दल लिहिलं होतं की ती भुंगेरे मारून बिळात साठवते आणि ते दिवसेंदिवस ताजे राहतात, म्हणजे तिच्या विषात टिकवण्याचा काहीतरी गुण असणार. फाब्रने अशा साठवलेल्या भुंगेऱ्यांकडे नीट पाहिलं. ते मेलेलेच नव्हते! माशीने नेमक्या जागी नांगी मारून त्यांना लुळं केलं होतं, म्हणजे अळीसाठी जिवंत शिधा. १८५५ मध्ये त्याने हे छापलं. इथून त्याचा रस्ता ठरला: जिवंत प्राणी, आणि तो जसा जगतो तसा.

नोकरी गेली, माळरान मिळालं

जोडीला त्याने मंजिष्ठेसारख्या एका वनस्पतीच्या मुळांपासून लाल रंग काढायची पद्धत सुधारली होती. त्यातून पैसा येईल आणि मास्तरकीतून सुटका होईल, अशी आशा होती. पण १८६८ च्या सुमारास जर्मनीत तोच रंग डांबरापासून तयार करता आला आणि बाजारच उलटला. नवीन टेक्नॉलॉजीने धंदा बसणं ही गोष्ट आजची नाही.

त्यातच त्याने संध्याकाळी मोफत विज्ञानवर्ग सुरू केले होते आणि त्यात मुलींनाही प्रवेश होता. फुलांमध्ये परागीभवन कसं होतं हे मुलींना शिकवलं म्हणून गावात गदारोळ झाला. घरमालकिणींनी घर सोडायला लावलं, नोकरीही सुटली. त्या वेळी इंग्लंडचा विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल याने त्याला पैसे उसने दिले, तेव्हा कुटुंब तरलं. पुढची कित्येक वर्षं फाब्रने शाळेची पुस्तकं लिहून संसार चालवला. कीटकांच्या शोधात सोबत फिरणारा मुलगा ज्यूल १८७७ मध्ये, सोळाव्या वर्षी, वारला.

१८७९ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, सेरिन्यां गावाजवळ त्याने साधारण हेक्टरभर जमीन आणि घर घेतलं. जागेचं नाव 'हार्मास'. तिकडच्या बोलीत हार्मास म्हणजे दगडगोट्यांची, काटेरी झुडपांची पडीक जमीन. आमच्या तुळजापूरकडच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. बालाघाटच्या कुशीतलं माळरान डोळ्यांसमोर आणा, झालं. शेतकऱ्याला नकोशी वाटणारी ती जमीन फाब्रला हवीच होती, कारण कोळी, विंचू, गांधीलमाश्या अशाच ठिकाणी राहतात.

टॅरंटुलाची कुंडी

इथे एक गोष्ट क्लिअर करू. आज आपण टॅरंटुला म्हणतो ते मोठे केसाळ कोळी वेगळ्या कुळातले. मूळ टॅरंटुला म्हणजे इटलीतल्या तारांतो शहरावरून नाव पडलेला लांडगा-कोळी. फाब्रकडे त्याचाच भाऊबंद होता, काळ्या पोटाचा नार्बोन टॅरंटुला. तो जमिनीत साधारण फूटभर खोल बीळ करून राहतो आणि बिळाच्या तोंडाशी काड्या-खडे रेशमाने बांधून छोटा कठडा उभारतो.

फाब्रने रुंद कुंड्यांमध्ये त्या कोळ्याच्या मूळ जागेसारखी माती भरली, वरून तारेच्या जाळीचा घुमट बसवला आणि त्या अभ्यासिकेत ठेवल्या. पण एक अडचण आली. पूर्ण वाढलेली कोळीण मातीवर नुसती सोडली तर नवीन बीळ खणायला घेत नव्हती. घराविना भटकत राहायची. मग फाब्रने मातीत बोटाएवढं भोक पाडून दिलं. सुरुवात करून दिल्यावर तिने ते स्वीकारलं आणि पुढचं काम स्वतः केलं.

नंतर त्याने कुंडीत खडे, गवताच्या काड्या आणि वेगवेगळ्या रंगांच्या लोकरीचे तुकडे टाकले. कोळिणीने रंग न बघता सगळं वापरलं आणि बाहेरच्यापेक्षा उंच, रंगीबेरंगी बुरूज बांधला. बाहेर बुरूज लहान का असतो, याचं उत्तर कुंडीत मिळालं: जवळपास सामान कमी असतं म्हणून. तिची अंड्यांची पिशवी काढून त्याच मापाचा बुचाचा गोळा दिला, तर तिने तोही तितक्याच मायेने ओढत नेला. पिल्लं मात्र आईच्या पाठीवर सुमारे सात महिने बसून राहिली, आणि त्या काळात फाब्रला ती काही खाताना दिसली नाहीत.

आपल्या भाषेत सांगायचं तर तो प्रत्येक वेळी एकच व्हेरिएबल बदलत होता. बाकी सगळं प्राण्याला हवं तसं. कुंडी हा त्याचा टेस्ट सेटअप होता.

विंचवांचा काचमहाल

विंचवांसाठी त्याने आधी बागेतच सपाट दगड मांडून वसाहत केली. ते निघून गेले. मग कुंड्या केल्या. शेवटी लाकडी चौकटीत काचा बसवून मोठी पेटी बनवली. तळाला वाळू, लपायला खापराचे तुकडे. काचेवर विंचू चढू शकत नाही, पण लाकडावर चढतो! रात्री ते चौकटीवरून वर जायचे. फाब्रने लाकडावर गुळगुळीत कागद चिकटवला, चरबी चोळली आणि प्राण्याच्या युक्तीवर युक्ती काढत गेला. रात्री पेटीसमोर कंदील लावून बसायचा. नर-मादी एकमेकांच्या नांग्या धरून, हातात हात घालून फिरावं तसे तासन्‌तास फिरतात, हे त्याने त्या कंदिलाच्या उजेडात पाहून लिहून ठेवलं.

आपल्याकडे दगड उचलण्याआधी काठीने हलवून बघायची सवय लहानपणीच लावतात, ती उगाच नाही. आपला लाल विंचू जीवघेणा ठरू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून उपचाराची दिशा बदलली, त्याआधी कोकणात या दंशाने बरेच जीव जायचे. तेव्हा विंचू पाळायचा विचार या लेखावरून करू नका.

जाळी की बंद डबा?

एका मे महिन्यात सकाळी मोठ्या मयूर पतंगाची मादी कोषातून बाहेर आली. फाब्रने तिला जाळीच्या घुमटाखाली ठेवलं. रात्री नऊच्या सुमारास धाकटा मुलगा ओरडत आला, कारण घरात सुमारे चाळीस नर पतंग शिरले होते. पुढच्या रात्रीही ते येत राहिले. मादीला घट्ट बंद डब्यात ठेवलं की एकही येईना. फट ठेवली की परत हजर. म्हणजे हवेतून काहीतरी जात होतं, माणसाच्या नाकाला न कळणारं. १९५९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी रेशीमपतंगाच्या मादीतलं असं रसायन ओळखलं. त्यालाच आज फेरोमोन म्हणतात.

एन्क्लोजर बांधणाऱ्यांसाठी हा मोठा धडा आहे. झाकण म्हणजे फक्त पळून जाऊ नये म्हणून केलेली सोय नव्हे. हवा, ओलावा, वास, उजेड यातलं काय आत-बाहेर जाणार हे झाकणच ठरवतं.

फाब्र कुठे कमी पडला?

बंदिस्त जागेतलं सगळंच खरं मानता येत नाही. फाब्रच्या जाळीखाली प्रार्थना कीटकाच्या माद्या नरांना खायच्या, आणि ती गोष्ट जगभर पसरली. नंतरच्या संशोधनात दिसलं की मादी किती भुकेली आहे यावर बरंच अवलंबून असतं, आणि जाळीखाली नराला पळायला जागाही कमी. म्हणजे एन्क्लोजर चुकलं तर प्राण्याचा स्वभावही चुकीचा दिसतो. डार्विनला फाब्रच्या निरीक्षणांबद्दल फार आदर होता, दोघांचा पत्रव्यवहारही होता. तरी फाब्रने उत्क्रांतीचा सिद्धांत शेवटपर्यंत मानला नाही.

त्याच्या कीटकांच्या आठवणी १८७९ ते १९०७ या काळात दहा खंडांत आल्या. प्रसिद्धी आली तेव्हा तो म्हातारा झाला होता. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, एक्याण्णवाव्या वर्षी, तो हार्मासमध्येच गेला. ती जागा आज संग्रहालय आहे.

मग आज आपण काय करायचं?

फाब्रची पद्धत आजही चालते: आधी प्राणी कुठे राहतो ते बघा, मग पेटी. बिळात राहणाऱ्या टॅरंटुलाला उंची नको, खोल माती हवी, कारण उंचावरून पडला तर त्याचं पोट फुटू शकतं. झाडावर राहणाऱ्याला उंची आणि आडवी हवा हवी. फाब्रची तारेची जाळी मात्र आज मोठ्या टॅरंटुलासाठी टाळतात, पायांची नखं त्यात अडकतात. सेन्सर लावा, पण तो आकडा सांगतो, प्राणी बरा आहे का ते सांगत नाही. त्यासाठी बसून बघावं लागतं.

आणि रानातून कोळी उचलून आणू नका. भारतात आणि श्रीलंकेत सापडणाऱ्या पोसिलोथेरिया या सुंदर टॅरंटुलांचा व्यापार इतका वाढला की २०१९ मध्ये त्यांना 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत घ्यावं लागलं. २०२२ मध्ये आपल्या वन्यजीव कायद्यातही अशा यादीतल्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली.

सुरुवात करायची तर रुईच्या झाडावर बघा. पानाखाली पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी असेल. एक काचेची बरणी, तोंडाला सुती कापड, आत रोज रुईचं ताजं पान आणि कोष टांगायला एक काडी. कोषातून फुलपाखरू आलं की पंख वाळू द्या आणि त्याच झाडाजवळ सोडून या.