जॉन गार्डनर (अमेरिकन लेखक)

जॉन चॅम्प्लिन गार्डनर, ज्युनियर (२१ जुलै, १९३३ – १४ सप्टेंबर, १९८२) हे अमेरिकन कादंबरीकार, कथाकार, समीक्षक आणि मध्ययुगीन इंग्लिश साहित्याचे अभ्यासक होते. ‘ग्रेंडेल’ या कादंबरीमुळे ते सर्वदूर परिचित झाले. कथेची रचना व पुनर्लेखन यांचे विद्यापीठीय अध्यापन करणारे शिक्षक म्हणूनही त्यांची ख्याती आहे. कथाकार रेमंड कार्व्हर हे त्यांचे विद्यार्थी होत.

बालपण आणि शिक्षण

गार्डनर यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील बटाव्हिया या गावी झाला. वडील दुग्धव्यवसाय करणारे शेतकरी होते व चर्चमध्ये प्रवचनेही देत. आई इंग्लिश विषयाच्या शिक्षिका होत्या. शेक्सपियरचे पठण घरात नित्याचे होते.

एप्रिल १९४५ मध्ये, अकरा वर्षांचे असताना, गार्डनर शेतात ट्रॅक्टर चालवीत होते. ट्रॅक्टरला ढेकळे फोडणारा जड लोखंडी रूळ जोडलेला होता. धाकटा भाऊ गिल्बर्ट त्या रुळाखाली सापडून मरण पावला. या अपघाताची अपराधी जाणीव गार्डनर यांना जन्मभर सोडून गेली नाही. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिडेम्प्शन’ या कथेत त्यांनी ही घटना थोड्या फरकाने मांडली. कथेतील मुलगा दुःखातून वाट काढण्यासाठी फ्रेंच हॉर्न या वाद्याचा ध्यास घेतो; गार्डनर स्वतःही हे वाद्य वाजवीत. कथा लिहून होईपर्यंत अपघाताचे दृश्य दिवसातून अनेकदा डोळ्यांसमोर येत असे आणि लेखनानंतर त्याचा जोर ओसरला, असे त्यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितले.

सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून १९५५ साली पदवी घेतल्यावर त्यांनी आयोवा विद्यापीठात १९५८ साली डॉक्टरेट मिळवली.

अध्यापन

ओबर्लिन महाविद्यालयात एक वर्ष शिकवल्यानंतर १९५९ मध्ये गार्डनर कॅलिफोर्नियातील चिको स्टेट महाविद्यालयात रुजू झाले. तेव्हा त्यांच्या कादंबऱ्या प्रकाशित झाल्या नव्हत्या. हस्तलिखिते खोक्यांत पडून होती. विद्यार्थ्याने सत्रभरात पुष्कळ कथा लिहाव्यात, असा त्यांचा आग्रह नसे. एकच कथा घ्यावी आणि शिक्षकाचे समाधान होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा लिहावी, ही त्यांची पद्धत होती. आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे हे लेखकाला पुनर्लेखनाच्या ओघातच उमगते, या धारणेवर ती उभी होती. विद्यार्थ्यांच्या कागदांवर ते शब्दन्‌शब्द तपासून खुणा करीत. काही शब्द ते सरळ खोडत आणि ते परत आणण्यास वाव नसे. काहींना कंस घालत आणि त्यांविषयी चर्चा करण्यास तयार असत.

कार्व्हर त्या वेळी पत्नी व दोन लहान मुलांसह राहत होते आणि लिहिण्यास निवांत जागा त्यांच्यापाशी नव्हती. गार्डनर यांनी आपल्या कार्यालयाची किल्ली त्यांना दिली. शनिवार-रविवारी तेथे बसून कार्व्हर यांनी आपले पहिले गंभीर लेखन केले.

चिको येथे असतानाच गार्डनर यांनी लेनिस डनलॅप यांच्यासह ‘द फॉर्म्स ऑफ फिक्शन’ (१९६२) हे पाठ्यपुस्तक संपादित केले आणि ‘एमएसएस’ हे नियतकालिक काढले. विल्यम गॅस यांची ‘द पेडरसन किड’ ही दीर्घकथा त्यात प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी सॅन फ्रान्सिस्को, कार्बनडेल आणि अखेरीस बिंगहॅम्टन येथे अध्यापन केले.

कथालेखनविषयक विचार

‘ऑन बिकमिंग अ नॉव्हेलिस्ट’ आणि ‘द आर्ट ऑफ फिक्शन’ हे त्यांचे दोन्ही मार्गदर्शक ग्रंथ मरणोत्तर प्रकाशित झाले. कथा वाचकाच्या मनात एक सजीव, अखंड स्वप्न उभे करते. तपशिलातील चूक वा भाषेतील कृत्रिमता ते स्वप्न मोडते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. पुनर्लेखन म्हणजे असे मोडणारे क्षण शोधून दूर करणे होय.

कथानक रचण्याचे तीन मार्ग ते सांगतात: परंपरेतील वा प्रत्यक्षातील घटना उचलणे, उत्कर्षबिंदू ठरवून त्यापासून मागे येणे, आणि आरंभीच्या परिस्थितीपासून चाचपडत पुढे जाणे. भावविवशता, पात्रांविषयीची थंड बेफिकिरी आणि शैलीचा सोस या तीन दोषांना ते केवळ तांत्रिक चुका मानत नाहीत. ते लेखकाच्या वृत्तीचे दोष मानतात.

त्यांचा एक स्वाध्याय विशेष प्रसिद्ध आहे. युद्धात मुलगा गमावलेल्या माणसाच्या नजरेतून शेतातील कोठाराचे वर्णन करायचे. मात्र मुलगा, युद्ध वा मृत्यू यांचा उल्लेख करायचा नाही. भावना नाव न घेता वस्तूंमधून व्यक्त करण्याचा हा सराव आजही कथालेखनाच्या वर्गांत दिला जातो.

साहित्य आणि वाद

‘ग्रेंडेल’ (१९७१) मध्ये ‘बेवुल्फ’ या जुन्या इंग्लिश महाकाव्याची कथा राक्षसाच्या तोंडून येते. ‘द सनलाइट डायलॉग्ज’ (१९७२) नंतर ‘ऑक्टोबर लाइट’ (१९७६) या कादंबरीला नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल पुरस्कार मिळाला. ‘ऑन मॉरल फिक्शन’ (१९७८) या ग्रंथात त्यांनी साहित्याने जीवनमूल्यांची कसोटी पाहावी अशी भूमिका मांडून अनेक समकालीन लेखकांवर टीका केली. त्यामुळे ते साहित्यवर्तुळात अप्रिय झाले. त्याच सुमारास, चॉसरच्या चरित्रात (१९७७) इतर अभ्यासकांचा मजकूर पुरेशा निर्देशाविना वापरल्याचा आरोपही त्यांच्यावर झाला.

मृत्यू

१४ सप्टेंबर, १९८२ रोजी पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना येथील घराजवळ मोटारसायकलच्या अपघातात वयाच्या ४९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. काही दिवसांतच त्यांचा तिसरा विवाह व्हायचा होता. बटाव्हिया येथील दफनभूमीत भाऊ गिल्बर्टच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.