खेड्यातून बाहेर जाणारा पैसा परत कसा आणायचा? सी. डी. देशमुखांची गोष्ट

१९५१-५२ साली भारतातल्या एखाद्या शेतकऱ्यानं १०० रुपयांचं कर्ज घेतलं, तर त्यातले जवळपास ७० रुपये सावकाराकडून आलेले असायचे. सरकारकडून साधारण ३ रुपये आणि सहकारी संस्थांकडूनही तेवढेच. व्यापारी बँकांकडून तर एक रुपयासुद्धा नाही.

हे आकडे रिझर्व्ह बँकेनं केलेल्या ग्रामीण पतपाहणीत समोर आले. देशभरातली ६०० गावं आणि सुमारे सव्वा लाख कुटुंबं त्यासाठी पाहिली गेली. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते चिंतामण द्वारकानाथ देशमुख, म्हणजेच सी. डी. देशमुख.

देशमुख म्हटलं की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते आणि मुंबईसाठी त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. पण या दोन्हींच्या मागे एक समान धागा आहे. पैसा कुठून गोळा होतो, कुठे साठतो आणि शेवटी कुणापर्यंत पोहोचतो, हा तो धागा. हे समजून घ्यायला सर्वात सोपी जागा आहे चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली. आणि त्यातलं चिमूर.

नाते गावचा मुलगा, नागपूरचा अधिकारी

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा. गाव रायगड किल्ल्याजवळचं नाते, तालुका महाड. १९१२ साली मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र असे विषय घेतले. १९१८ साली लंडनमध्ये आयसीएसची परीक्षा दिली आणि तिथेही पहिला नंबर.

नेमणूक झाली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. राजधानी नागपूर. चांदा जिल्हा याच प्रांतात होता आणि चिमूर त्या जिल्ह्यात. कोकणातल्या या माणसाची नोकरीची पहिली वीस वर्षं अशी विदर्भाच्या प्रशासनात गेली. महसूल आणि अर्थ या दोन्ही खात्यांचं सचिवपद त्यांनी सांभाळलं.

आता या प्रांताची तिजोरी कशी चालायची ते बघा. शेतसारा, जंगलाचं उत्पन्न, दारूवरचा अबकारी कर ही कमाईची मुख्य साधनं. चांद्याच्या जंगलातला साग आणि बांबू विकला जायचा, धानाच्या शेतावर सारा बसायचा, आणि तो पैसा आधी जिल्ह्याच्या आणि मग नागपूरच्या तिजोरीत जायचा. खर्चाचा मोठा भाग प्रशासन आणि पोलिसांवर व्हायचा. प्राप्तिकरासारखी वाढती कमाई मात्र दिल्लीच्या हातात होती.

१९३५ च्या कायद्यानं प्रांतांना स्वायत्तता दिली. पण स्वायत्तता चालवायला पैसा लागतो. केंद्रानं कुणाला किती द्यायचं हे ठरवण्यासाठी सर ऑटो निमेयर यांनी १९३६ साली अहवाल दिला. वाटणीचं सूत्र बदललं की गरीब प्रांतात दवाखाने आणि शाळा किती होतील हेही बदलतं. देशमुखांना हे अगदी जवळून पाहायला मिळालं.

याच दशकात जागतिक मंदीमुळे शेतमालाचे भाव कोसळले. सारा आणि कर्जाचा हप्ता तेवढाच, हातात येणारा पैसा मात्र निम्मा. शेतकरी कर्जात बुडाले. मध्य प्रांतानं १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा केला. सावकार आणि शेतकऱ्याला समोरासमोर बसवून कर्जाची रक्कम कमी करायची आणि हप्ते बांधून द्यायचे, अशी त्याची पद्धत होती. पण अडचण अशी की जुनं कर्ज कमी झालं, तरी पुढच्या हंगामाला बियाण्यासाठी पैसे द्यायला सावकाराशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

१९४२: चिमूरला दंड, देशाला महागाई

१९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत गेले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी चले जाव आंदोलन पेटलं.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूरमध्ये जमावानं इंग्रज सरकारच्या कचेऱ्यांवर हल्ला केला. त्यात सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर गावात लष्कर आलं आणि लोकांवर अत्याचार झाले. शेकडो लोकांना अटक झाली आणि गावावर सामुदायिक दंड बसवला गेला. आधी सारा आणि जंगलाचा महसूल, आता दंड. सरकार आणि गाव यांच्यातला पैशाचा व्यवहार एकाच दिशेनं चालला होता.

त्याच काळात देशाच्या पातळीवरही तेच घडत होतं. दुसऱ्या महायुद्धासाठी ब्रिटननं भारतातून कापड, धान्य, लाकूड, दारूगोळा असा प्रचंड माल घेतला. त्याची किंमत लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंडात जमा व्हायची. हे पौंड लगेच वापरता येत नव्हते. पण त्यांच्या आधारावर भारतात रुपयांच्या नोटा छापल्या जायच्या आणि त्यातून मालाचे पैसे दिले जायचे.

म्हणजे माल बाहेर गेला आणि बदल्यात नोटा आल्या. युद्धाच्या काळात चलनातल्या नोटा पाच पटींहून जास्त वाढल्या, माल मात्र कमी झाला. भाव भडकणारच होते. युद्धाचं बिल लंडनमध्ये लिहिलं जात होतं, पण त्याची झळ चिमूरच्या बाजारात मीठ आणि कापड घेणाऱ्यालाही बसत होती.

ऑगस्ट १९४३ मध्ये देशमुख गव्हर्नर झाले. युद्ध संपेपर्यंत ब्रिटनकडे भारताचे सुमारे १,७०० कोटी रुपये अडकले होते. काल ज्या देशाचं कर्ज आपल्यावर होतं, तोच आता आपला देणेकरी झाला होता. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वूड्स इथं परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक याच परिषदेतून जन्माला आल्या. तिथे गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात देशमुख होते. या अडकलेल्या पैशाचा आणि मागास देशांच्या विकासाचा मुद्दा शिष्टमंडळानं तिथे मांडला. पौंडांचा प्रश्न परिषदेत सुटला नाही, तो पुढे ब्रिटनशी थेट बोलणी करून मार्गी लावावा लागला.

१ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारच्या मालकीची झाली. त्या वेळी गव्हर्नर देशमुखच होते.

प्रवाह उलटा वळवायचा प्रयत्न

१९५० साली ते नियोजन आयोगाचे सदस्य आणि मग अर्थमंत्री झाले. आयुष्यभर वसुलीची बाजू पाहिलेल्या माणसाकडे आता वाटपाची बाजू आली होती.

पहिली पंचवार्षिक योजना १९५१ मध्ये सुरू झाली. सुरुवातीचा आराखडा सुमारे २,०६९ कोटींचा होता आणि त्यात भर शेती आणि पाटबंधाऱ्यांवर होता. पाऊस चांगला झाला, त्यामुळे पाच वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १८ टक्क्यांनी वाढलं. अपेक्षेपेक्षा ते जास्त होतं.

दुसरा बदल फारसा चर्चेत आला नाही. पहिल्या वित्त आयोगानं १९५२ साली प्राप्तिकरातला राज्यांचा वाटा ५५ टक्के केला. त्याची वाटणी करताना ८० टक्के वजन लोकसंख्येला आणि २० टक्के वजन वसुलीला दिलं. याचा साधा अर्थ काय? कर मुंबईच्या कचेरीत भरला म्हणून तो सगळा मुंबईचा होत नाही. तो कमवायला देशभरातला कच्चा माल, मजूर आणि ग्राहक लागतात. त्यामुळे माणसं जिथे आहेत तिथेही पैसा गेला पाहिजे.

मग १९५४ साली ए. डी. गोरवाला यांच्या समितीचा ग्रामीण पतपुरवठ्यावरचा अहवाल आला. सुरुवातीला सांगितलेले आकडे याच अहवालातले. समितीनं सांगितलं की सावकाराला फक्त कायद्यानं आवरून चालणार नाही, त्याला पर्याय उभा करावा लागेल. कर्ज, गोदाम आणि शेतमालाची विक्री या तिन्ही गोष्टी एकत्र जोडाव्या लागतील आणि सहकारी संस्थांमध्ये सरकारला स्वतः भागीदार व्हावं लागेल. आणि खेड्यांपर्यंत जाणारी एक मोठी सरकारी बँक हवी.

तेव्हा देशातली सर्वात मोठी व्यापारी बँक होती इम्पीरियल बँक. तिची ओळख मोठे व्यापारी आणि युरोपीय कंपन्यांची बँक अशी होती. देशमुख अर्थमंत्री असताना संसदेनं कायदा केला, रिझर्व्ह बँकेनं तिचे बहुसंख्य शेअर घेतले आणि १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया सुरू झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायच्या, अशी अट कायद्यातच होती. नफा होईल की नाही याची वाट न पाहता आधी बँक पोहोचवायची, असं हे धोरण होतं. ते लक्ष्य पूर्णही झालं.

पुढचं पाऊल विम्याचं. १९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. अध्यादेश इतका गुप्त ठेवला होता की कंपन्यांना पैसे हलवायला वेळच मिळाला नाही. २४५ देशी-परदेशी विमा संस्था सरकारच्या ताब्यात आल्या आणि १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली. नोकरदारांच्या छोट्या छोट्या हप्त्यांतून जमणारा पैसा आता विकासकामांकडे वळवता येणार होता.

मुंबईसाठी राजीनामा

पण या घोषणेच्या तीनच दिवस आधी दुसरी एक घोषणा झाली होती. मुंबई केंद्रशासित राहणार, असं पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केलं होतं.

महाराष्ट्र पेटला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात १०० हून अधिक लोकांचे प्राण गेले, त्यातले बरेचसे पोलिसांच्या गोळीबारात. देशमुख लोकसभेत कुलाब्याचं प्रतिनिधित्व करत होते. त्यांनी राजीनामा देऊ केला, पण तो लगेच पुढे गेला नाही. जूनमध्ये नेहरूंनी पाच वर्षं मुंबई केंद्राकडेच ठेवण्याचं पुन्हा जाहीर केलं. अखेर जुलै १९५६ मध्ये देशमुख पदावरून बाहेर पडले. मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता घेतलेला निर्णय आणि गोळीबाराच्या चौकशीला नकार, यावर त्यांनी लोकसभेत उघड टीका केली.

हा प्रश्न अस्मितेचा होताच, पण तिजोरीचाही होता. देशभरातला पैसा साठतो ते शहर मुंबई. ते वगळून महाराष्ट्र झाला असता, तर चांद्यासारख्या जिल्ह्यांवर खर्च करायला राज्याकडे काय उरलं असतं?

विदर्भाच्या बाजूनं मात्र हा प्रश्न वेगळा दिसत होता. राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ साली आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती आणि त्यात चांदाही होता. त्याआधी १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचा वाटा देण्याचं वचन दिलं गेलं होतं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्रात.

तिजोरी आपल्या राज्यात आली. तिचा नळ चिमूरपर्यंत आला का?

१९५६ च्या घटनादुरुस्तीतच विदर्भासाठी विकास मंडळाची तरतूद होती. प्रत्यक्षात मंडळं आली १९९४ साली, म्हणजे ३८ वर्षांनी. मधल्या काळात वि. म. दांडेकर समितीनं १९८४ साली राज्यातला विकासाचा अनुशेष मोजला. तो सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला आणि त्यातला जवळपास ३९ टक्के एकट्या विदर्भाचा होता.

नंतरची वर्षं

मंत्रिपद सोडल्यावर देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५३ साली त्यांनी घटना समितीच्या सदस्य राहिलेल्या दुर्गाबाईंशी विवाह केला होता. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ साली ते राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले. १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळालं. संस्कृतचं वेड शेवटपर्यंत टिकलं, मेघदूताचा मराठी अनुवादही त्यांनी केला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादमध्ये त्यांचं निधन झालं.

त्याआधी महिनाभर, २६ ऑगस्टला, चंद्रपूरमधून वेगळा गडचिरोली जिल्हा झाला होता.

आज तालुक्याच्या गावी बँक असणं कुणाला विशेष वाटत नाही. पण बँक आली म्हणजे पैसा आला, असं नसतं. समजा एखाद्या शाखेत गावातल्या लोकांनी १०० रुपये ठेवले आणि शाखेनं गावात फक्त ३० रुपयांचं कर्ज दिलं. उरलेले ७० रुपये दुसऱ्या कुठल्या तरी शहरात वापरले जातात. म्हणूनच ग्रामीण आणि निमशहरी शाखांनी ठेवींच्या किमान ६० टक्के कर्ज द्यावं, असं रिझर्व्ह बँकेचं धोरण आहे. बँकेच्या भाषेत याला कर्ज-ठेव प्रमाण म्हणतात.

देशमुखांच्या काळात बँका गावापर्यंत जायला लागल्या. त्या बँकांतला पैसा गावात राहतो की बाहेर जातो, हे मात्र प्रत्येक सरकारला नव्यानं ठरवावं लागतं. आपल्या जिल्ह्याचं कर्ज-ठेव प्रमाण जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे विचारता येतं. पुढच्या वेळी कुणी विकासाचा मोठा आकडा सांगितला, तर त्यासोबत हाही आकडा विचारून बघा.