पेटीवाला पु. ल.

आधीच सांगून टाकतो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन, हे मला अजूनही बोटं मोजूनच कळतं. त्यामुळे संपादकांनी "मराठी विभागासाठी काहीतरी दे ना यार" म्हटल्यावर मला घामच फुटला. पण गेल्या गॅदरिंगपासून एक माणूस डोक्यात बसलाय. त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय तो काही बाहेर जाणार नाही.

झालं असं की मी आमच्या हॉस्टेलच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. (वाजवतो की बडवतो, यावर बी-विंगमध्ये मतभेद आहेत.) गॅदरिंगच्या दोन दिवस आधी आमचा गिटारवाला आजारी पडून घरी गेला आणि पंधरा मिनिटांचा स्लॉट रिकामा राहिला. मग काय, सगळ्यांनी मिळून मला स्किटमध्ये ढकललं. स्क्रिप्ट खरंच चांगली होती. प्रॅक्टिसला सगळे लोळून हसले होते. स्टेजवर मात्र मी ती शताब्दी एक्सप्रेससारखी पळवली आणि कोणीच हसलं नाही. खाली उतरल्यावर रूम पार्टनर एवढंच म्हणाला, "अबे, तू ड्रमर आहेस ना? मग लय कुठं विसरलास?"

तो प्रश्न मला लागला. दिवाळीत येलदरीला घरी गेलो तेव्हाही तो डोक्यात होताच. आमचं गाव म्हणजे पूर्णा नदीवरचं धरण, खाली वीजनिर्मिती केंद्र आणि संध्याकाळ झाली की पाण्यावरून येणारा गार वारा. बाकी करमणूक शून्य! बाबांच्या कपाटात जुन्या कॅसेटींचा खोका आहे. त्यातली एक त्यांनी लावली. पु. ल. देशपांडे. लहानपणी मी ती ऐकली होती, पण मागे चालू असलेल्या आवाजासारखी. या वेळी ड्रमरच्या कानाने ऐकली आणि चाटच पडलो. हा माणूस विनोद सांगत नव्हता, वाजवत होता! कुठे थांबायचं, कुठे दुगुन घ्यायची, समेवर कधी यायचं, सगळं मोजून मापून. बाबा म्हणाले, "अरे, तो मुळात पेटीवाला."

हे मला माहीतच नव्हतं. माझ्यासारखे अजून बरेच असतील, म्हणून ही गोष्ट.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत, गावदेवी भागातल्या एका चाळीत झाला. पुढे कुटुंब जोगेश्वरीला आणि नंतर विलेपार्ल्याला राहायला गेलं. वडील कागदाच्या कंपनीत नोकरीला. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी म्हणजे 'ऋग्वेदी'. त्यांनी रवींद्रनाथांची गीतांजली मराठीत अभंगांच्या रूपात आणली. घरात पुस्तकं होती, गाणं होतं, पैसा मात्र बेताचाच होता. शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात. शाळेच्या वयातच पुरुषोत्तम दत्तोपंत राजोपाध्ये यांच्याकडे पेटी शिकायला लागला. पेटी म्हणजे हार्मोनियम, हे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांसाठी.

मग आपल्या सगळ्यांच्या घरी येतो तोच प्रश्न आला : पुढे काय? इस्माईल युसुफ कॉलेज झालं, वकिलीची पदवी झाली. पण कॉलेजच्या काळातच वडील गेले आणि घराचा भार अंगावर आला. पु. लं.नी शिकवण्या केल्या, कारकुनी केली, शाळेत मास्तरकी केली. आणि या सगळ्याच्या बरोबरीने पेटी वाजवली, गाण्याच्या शिकवण्या घेतल्या. म्हणजे संगीत हा नुसता छंद नव्हता, घरखर्चाला हातभार लावणारी गोष्ट होती. पहिलं लग्न झालं आणि ती पत्नी लग्नानंतर थोड्याच दिवसांत तापाने वारली. पुढे शाळेत शिकवत असताना सुनीता ठाकूर भेटल्या. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत दोघांनी नोंदणी पद्धतीने, काहीही थाट न करता लग्न केलं. ही तारीख लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

१९४७ साली 'कुबेर' या चित्रपटातून ते सिनेमात आले. त्यानंतरची सहा-सात वर्षं मराठी सिनेमात त्यांनी काय काय केलं, याची यादी दमवणारी आहे : अभिनय, गाणं, संवाद, पटकथा आणि मुख्य म्हणजे संगीत. आपण सगळे बालवाडीत ज्यावर नाचलो ते 'नाच रे मोरा' हे गाणं १९५३ च्या 'देवबाप्पा' मधलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, आवाज आशा भोसले यांचा आणि चाल पु. लं.ची! त्याच वर्षी 'गुळाचा गणपती' आला. त्यात कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, सगळं त्यांचंच. भीमसेन जोशींचं 'इंद्रायणी काठी' हे याच चित्रपटातलं.

आता कोणी म्हणेल, चला, माणूस सेट झाला! तेहतीस-चौतिसाव्या वर्षी नाव झालं, चाली लोकांच्या तोंडी बसल्या. आता एकामागून एक सिनेमे करायचे आणि संगीतकार म्हणून आयुष्य काढायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर पॅकेज मिळालं होतं. आणि नेमकं इथेच त्यांनी सिनेमाकडे पाठ फिरवली.

मधल्या काळात ते एम. ए. झाले होते, बेळगावला आणि मुंबईत कॉलेजात शिकवून झालं होतं. १९५५ मध्ये ते पुणे आकाशवाणीत लागले. १९५७ ला 'तुझे आहे तुजपाशी' हे नाटक रंगभूमीवर आलं आणि तुफान चाललं. १९५८ साली युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते लंडनला बीबीसीमध्ये टेलिव्हिजन शिकायला गेले. त्या प्रवासावरचं पुस्तक म्हणजे 'अपूर्वाई'. भारतात तेव्हा टीव्ही नावाची वस्तूच नव्हती! म्हणजे जी गोष्ट देशातच नाही, ती शिकायला हा पेटीवाला निघाला होता.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत टेलिव्हिजनचं प्रायोगिक प्रसारण सुरू झालं. आकाशवाणीच्याच इमारतीत छोटासा स्टुडिओ, कार्यक्रम आठवड्यातून दोनदा आणि तेही दिल्लीच्या आसपास दिसतील तेवढेच. त्या अगदी पहिल्या फळीतल्या निर्मात्यांत पु. ल. होते. भारतीय टीव्हीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेतली तीही त्यांनीच. टेलिकम्युनिकेशनवाल्यांनो, तुमच्या सिलॅबसमध्ये हा माणूस नाही, पण असायला हरकत नाही.

आता तर सरकारी नोकरी, दिल्ली, नवीन माध्यम. यापेक्षा सुरक्षित जागा कोणती? पण ती नोकरीही त्यांनी सोडली. ऑफिसात बसून इतरांचे कार्यक्रम लावायचे की स्वतः लोकांसमोर उभं राहायचं, यातलं दुसरं निवडलं. १९६१ साली 'बटाट्याची चाळ' चे एकपात्री प्रयोग सुरू झाले. पुस्तक आधीच, १९५८ मध्ये आलेलं. पण स्टेजवर एकट्याने अख्खी चाळ उभी करायची म्हणजे चेष्टा नव्हे. फक्त आवाज, चेहरा आणि चालण्याची ढब बदलून एकामागून एक माणसं समोर आणायची. वजन कमी करायला निघालेले पंत, चाळीची गच्ची, भ्रमणमंडळ... आणि एवढं हसवून झाल्यावर शेवटी जे चिंतन येतं, त्यात हसणं घशातच अडकतं. चाळ पडणार आणि तिच्याबरोबर ती माणसंही जाणार, हे तोवर कळलेलं असतं.

१९६२ ला 'वाऱ्यावरची वरात' आली. यात एकच सलग नाटक नव्हतं. छोटे छोटे विनोदी प्रवेश, गाणी, नाच, सगळी धमाल एकापाठोपाठ एक. आज टीव्हीवर आपण जे स्किट कार्यक्रम बघत जेवतो ना, त्यांचे हे मराठीतले आजोबा. त्याच वर्षी 'व्यक्ती आणि वल्ली' हे पुस्तक आलं. नारायण, अंतू बर्वा, सखाराम गटणे ही मंडळी त्यातली. १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पु. लं.चं कथाकथन पुढे लहान पडद्यावरूनही घराघरांत पोचलं.

इथे मला माझ्या ड्रमरच्या अकलेप्रमाणे एक गोष्ट सांगायचीय. पेटीची साथ करणारा माणूस काय करतो? तो गवयाच्या पुढे कधीच जात नाही. गवई जागा घेतो, तो ती ऐकतो आणि अर्धी मात्रा मागून तीच जागा पेटीवर धरतो. म्हणजे त्याचं अर्धं काम वाजवणं आणि अर्धं ऐकणं. पु. लं.नी वसंतराव देशपांडे, भीमसेन जोशी अशांना साथ केलेली. हेच ऐकणं त्यांनी विनोदात आणलं असं मला वाटतं. फक्त गवयाच्या जागी प्रेक्षक बसले. लोकांचं हसू वर चढतंय, टिपेला पोचलं, आता उतरायला लागलं... की पुढचं वाक्य टाकायचं. आधी टाकलं तर हशात बुडतं, उशिरा टाकलं तर मैफल थंड पडते. कॅसेटमध्ये नीट ऐका, हे दर वेळी सापडेल. मी स्किटमध्ये ऐकतच नव्हतो. नुसतं बडवत होतो.

आणि टीव्हीने काय दिलं? कॅमेरा जवळ असतो. तिथे हात फेकावे लागत नाहीत, भुवई हलली तरी पुरते. पेटीने कान दिला आणि टीव्हीने भुवई दिली, असा माझा हिशोब आहे. बरोबर की चूक, जाणकारांनी ठरवावं.

म्हणजे त्यांनी संगीत सोडलं का? मला आधी तसंच वाटलं होतं. पण ते प्रत्येक ठिकाणी आतून येतच राहिलं. १९७८ साली त्यांचं 'तीन पैशाचा तमाशा' आलं, जब्बार पटेल यांनी बसवलेलं. त्यात नंदू भेंडे नावाचा चक्क रॉक गायक होता! नाट्यसंगीत आणि पाश्चात्य संगीत एकाच रंगमंचावर. आमच्या बँडवर नाक मुरडणाऱ्या सर्व काकांनी याची नोंद घ्यावी.

या सगळ्यात सुनीताबाईंना विसरून चालणार नाही. प्रयोगांची शिस्त, हिशोब, वेळेचा काटेकोरपणा, सगळं त्यांनी सांभाळलं आणि स्वतः कामंही केली. प्रयोगांतून पैसे आले तेव्हा दोघांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान काढून ते वाटले. १९८६ ला पुण्यात अनिल आणि अनिता अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्यामागे या दोघांची मोठी मदत होती. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत हाच हसवणारा माणूस गंभीर होऊन लोकशाहीसाठी सभांमधून बोलला. पन्नाशीच्या सुमारास तो शांतिनिकेतनात जाऊन विद्यार्थ्यांमध्ये बसून बंगाली शिकला. आपल्याला थर्ड इयरलाच नवीन सॉफ्टवेअर शिकायचा कंटाळा येतो!

पद्मश्री, पद्मभूषण, पहिला महाराष्ट्र भूषण, सगळं मिळालं. पण शेवटची वर्षं अवघड गेली. पार्किन्सनचा आजार झाला. ज्या बोटांनी सूर धरले ती थरथरायला लागली. १२ जून २००० रोजी पुण्यात पु. ल. गेले. तारीख आठवली? लग्नाला त्याच दिवशी चोपन्न वर्षं झाली होती. सुनीताबाई २००९ च्या नोव्हेंबरात गेल्या, सात तारखेला, म्हणजे पु. लं.च्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. या तारखा मी दोनदा तपासल्या, मला खऱ्याच वाटत नव्हत्या.

आता परत येलदरीला. कॅसेट संपली, टेप खट् करून बंद झाला. आईने नेहमीचा प्रश्न विचारला, की हे ड्रम, हे नाटक, याचं पुढे काय होणार? मी म्हणालो, माहीत नाही. खोटं कशाला बोलायचं! पण एवढं मात्र कळलं होतं, की जे मनापासून शिकलं ते वाया जात नाही. पेटी शिकलेला मुलगा संगीतकार होऊन तिथेच थांबला नाही, म्हणून पेटी फुकट गेली असं झालं नाही. ती त्याच्या बोलण्यात गेली. मी उद्या एखाद्या सबस्टेशनमध्ये इंजिनियर असेन, तेव्हा माझे ड्रम कुठे जातील ते मला आज दिसत नाही. पण जातील कुठेतरी.

यंदाच्या गॅदरिंगला मी परत स्किट करणार आहे. या वेळी आधी ऐकणार आहे. तुम्ही फक्त हसायचं काम करा. आणि नाहीच हसू आलं तर निदान थोडं थांबा, मी समेवर येतोय!