डॉ. विलेम डिके : गव्हातला दोष शोधणारे बालरोगतज्ज्ञ

सिलिअॅक आजाराचे निदान झाले की डॉक्टर एका वाक्यात उपचार सांगतात : गहू, जव (सातू) आणि राय ही धान्ये आयुष्यभर बंद. ऐकायला सोपे आणि पाळायला अवघड असे हे पथ्य आहे. पण काही दशकांपूर्वीपर्यंत या आजाराच्या मुलांना नेमके काय बंद करायचे, हेच कोणाला माहीत नव्हते. ते शोधून काढण्यात सर्वांत मोठा वाटा नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम कारेल डिके यांचा होता.

डिके यांच्या आधी

पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, वारंवार पातळ व तेलकट शौच आणि खुंटलेली वाढ, अशा मुलांचे सविस्तर वर्णन लंडनचे डॉ. सॅम्युअल गी यांनी 1888 मध्ये प्रसिद्ध केले. हा आजार बरा होणार असेल तर तो आहारानेच, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या पाहण्यात एक मूल होते. त्याला रोज डच शिंपल्या खायला दिल्या तेव्हा ते छान सुधारले आणि शिंपल्यांचा हंगाम संपल्यावर पुन्हा खालावले. पुढच्या हंगामात ते मूल शिंपल्यांना तोंड लावायलाच तयार होईना. पथ्य सापडणे वेगळे आणि ते टिकवणे वेगळे, हे तेव्हाही दिसले होते.

1924 मध्ये अमेरिकेतील डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांवर भर असलेला आहार सुचवला. त्यात ब्रेड आणि धान्याचे इतर पदार्थ बंद असत. अनेक मुले सुधारली. श्रेय मात्र केळ्यांना मिळाले. मूल बरे झाले असे समजून त्याला पुन्हा नेहमीचे जेवण दिले जाई आणि काही मुलांचा त्रास परत सुरू होई. खरा अपराधी ताटात कोणता होता, हा प्रश्न तसाच राहिला.

हेगमधील तरुण डॉक्टर

डिके यांचा जन्म 15 फेब्रुवारी 1905 रोजी नेदरलँड्समधील डॉर्ड्रेख्त येथे झाला. लायडन येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते हेगमधील युलियाना बालरुग्णालयात बालरोगशास्त्र शिकले. 1936 मध्ये, वयाच्या अवघ्या 31 व्या वर्षी, ते त्याच रुग्णालयाचे वैद्यकीय संचालक झाले.

ब्रेड आणि बिस्किटे खाल्ल्यावर या मुलांचा जुलाबाचा त्रास उलटतो, अशी चर्चा त्या काळात डच बालरोगतज्ज्ञांमध्ये सुरू झाली होती. ब्रेड बंद केल्यावर आपल्या मुलाचा त्रास कमी होतो, असे एका आईने डिके यांना सांगितल्याची हकिगतही सांगितली जाते. आईचे निरीक्षण त्यांनी बाजूला सारले नाही. रुग्णालयात काही मुलांना त्यांनी गव्हाशिवायचा आहार देऊन पाहिला, त्यांची वजने नोंदवली आणि 1941 मध्ये या आहाराविषयी डच वैद्यकीय नियतकालिकात लिहिले.

उपासमारीचा हिवाळा

डिके यांच्याबद्दल सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट दुसऱ्या महायुद्धातील आहे. 1944–45 च्या हिवाळ्यात जर्मन फौजांच्या ताब्यातील पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्नाचा पुरवठा जवळजवळ तुटला. हजारो माणसे भुकेने मेली. लोकांनी ट्यूलिप फुलांचे कंद आणि साखरबीट खाऊन दिवस काढले. ब्रेड मिळेनासा झाल्यावर सिलिअॅक आजाराची मुले इतरांइतकी खालावली नाहीत, आणि मदतीचा ब्रेड पोहोचल्यावर त्यांचा त्रास पुन्हा सुरू झाला, असे सांगतात.

ही गोष्ट मनाला भिडणारी असली, तरी गव्हाबद्दलची शंका डिके यांना युद्धाआधीच आली होती, हे लक्षात घ्यायला हवे. दुष्काळाने ती शंका पक्की झाली असेल. पण एका हिवाळ्याच्या अनुभवावर आयुष्यभराचे पथ्य सांगता येत नाही. त्यासाठी पुरावा लागतो, आणि तो त्यांनी युद्धानंतर मिळवला.

शौचातील चरबी मोजून मिळालेला पुरावा

मूल सुधारले की नाही हे नुसते पाहून ठरवणे फसवे असते. म्हणून डिके यांनी मोजता येईल असे लक्षण निवडले. या आजारात लहान आतड्याला अन्नातील चरबी नीट शोषता येत नाही आणि ती शौचावाटे बाहेर पडते. युट्रेख्त येथील रसायनशास्त्रज्ञ यान व्हान डे कामर यांनी शौचातील चरबी अचूक मोजण्याची पद्धत 1949 मध्ये प्रसिद्ध केली. बालरोगतज्ज्ञ डॉ. वेयर्स हेही या कामात सोबत होते.

मुलांना ठरावीक आहार द्यायचा, मग त्यात एकच पदार्थ घालायचा किंवा काढायचा आणि चरबी मोजायची, असे हे काम होते. गहू किंवा राय दिल्यावर भूक मंदावे, वजन घटे आणि शौचातील चरबी वाढे. तांदूळ, मका आणि बटाटा मात्र या मुलांना चालत असे. 1950 मध्ये डिके यांनी युट्रेख्त विद्यापीठाला हा प्रबंध सादर केला. पुढे असेही दिसले, की गव्हातील पिष्ट निर्दोष असून त्रास त्यातील ग्लूटेन या प्रथिनामुळे होतो. डिके, वेयर्स आणि व्हान डे कामर यांचा शोधनिबंध 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. दरम्यान 1952 मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे शार्लट अँडरसन आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे तपासून या निष्कर्षाला दुजोरा दिला होता.

1957 मध्ये डिके युट्रेख्त येथे बालरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथील विल्हेल्मिना बालरुग्णालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. पण शेवटची वर्षे आजारपणात गेली आणि 1962 मध्ये, वयाच्या 57 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नेदरलँड्समध्ये पचनसंस्थेच्या क्षेत्रातील पायाभूत कामासाठी त्यांच्या नावाचे पदक दिले जाते.

या शोधाचा आपल्या ताटाशी संबंध

आज आपल्याला माहीत आहे, की हा स्वयंप्रतिकार आजार आहे. ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते आणि पोषणद्रव्ये शोषणारे सूक्ष्म अंकुर सपाट होतात. ग्लूटेन पूर्ण बंद केले की अस्तर हळूहळू भरून येते. ते पुन्हा सुरू केले की इजाही पुन्हा सुरू होते. हास यांच्या काळी जी चूक होई, ती आजही घरोघरी होते : मूल अंगाने भरले, आता थोडी पोळी चालेल. बरे वाटणे हे पथ्य लागू पडल्याचे लक्षण आहे, आजार गेल्याचे नव्हे.

मराठी स्वयंपाकघराची एक जमेची बाजू आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदळाची भाकरी, वरी, साबुदाणा, राजगिरा, डाळी, पोहे यांत मुळात ग्लूटेन नसते. अडचण येते ती लपलेल्या गव्हाची. पुढील गोष्टींकडे लक्ष द्या :

- रवा, मैदा, शेवया, कुरडया हे सारे गव्हाचेच प्रकार आहेत. सत्यनारायणाचा प्रसादाचा शिराही यात आला.
- खपली गहू पचायला हलका म्हणून विकला जातो. त्यातही ग्लूटेन असते. तो चालत नाही.
- बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. थालीपिठाच्या भाजणीत आणि सातूच्या पिठातही गहू किंवा जव असू शकतो.
- गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली तर पिठात गहू मिसळतो. शक्य असल्यास घरघंटीवर दळा.
- पोळपाट, लाटणे, तवा आणि तळणीचे तेल वेगळे ठेवा.
- पाकिटावर 'ग्लूटेनमुक्त' असे लिहिलेले पाहा. भारतातील नियमानुसार अशा पदार्थात एका किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

मुलांच्या बाबतीत शाळेचा डबा, वाढदिवसाचा केक आणि लग्नातील पंगत हे खरे कसोटीचे प्रसंग असतात. शिक्षकांना आणि नातेवाइकांना आधीच स्पष्ट सांगा. 'एका घासाने काय होते' असा आग्रह प्रेमापोटी होतो, पण आतड्याला तो घास कळतो. घरातील मोठ्यांनीही एक वेळ भाकरी खाल्ली तर मुलाला आपण वेगळे आहोत असे वाटत नाही.

शेवटची आणि महत्त्वाची सूचना : आजाराची नुसती शंका आहे म्हणून गहू आपल्या मनाने बंद करू नका. गहू खाणे सुरू असतानाच रक्तातील टीटीजी प्रतिपिंडांची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याच्या तुकड्याची तपासणी करावी लागते. आधीच गहू सोडला तर अहवाल खोटा निर्दोष येऊ शकतो. निदान पक्के झाल्यावर पथ्य सुरू करा आणि ठरलेल्या वेळी वजन, उंची, हिमोग्लोबिन व टीटीजी तपासून घ्या. पथ्य नीट चालले आहे की कुठून तरी गहू पोटात जातो आहे, हे त्यातूनच समजते.