भूमिसेवक कार्व्हर

१८९६ सालची गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा संस्थानातून एक आगगाडी चालली होती. खिडकीशी बसलेला एक कृष्णवर्णीय तरुण अध्यापक बाहेरची जमीन निरखून पाहत होता. जिकडे पाहावे तिकडे कापूस! झोपड्यांच्या दारापर्यंत कापूस. पण झाडे खुरटलेली. पावसाच्या पाण्याने जमिनीत खोल घळी पडल्या होत्या. पिढ्यान् पिढ्या एकच पीक घेतल्यामुळे भूमीचा कस निघून गेला होता, आणि तिच्यावर राबणारी माणसेही तिच्यासारखीच निःसत्त्व झाली होती. हे पाहून ज्याचे मन व्यथित झाले, तो तरुण म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर.

जॉर्जचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसुरी संस्थानातील डायमंड या गावाजवळ झाला. त्याची आई मेरी ही मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याची गुलाम होती. जॉर्ज तान्हा असतानाच दरोडेखोरांनी त्या मायलेकरांना पळवून नेले. मोझेसने शोधासाठी माणूस पाठविला. मूल तेवढे परत मिळाले. त्याच्या बदली एक घोडा द्यावा लागला, असे सांगतात. आई मात्र पुन्हा कधीच दिसली नाही. गुलामगिरी संपल्यावरही मोझेस आणि त्याची पत्नी सुझन यांनी त्या पोरक्या बालकाचा सांभाळ केला.

जॉर्ज प्रकृतीने नाजूक होता. शेतातील कष्टाची कामे त्याला झेपत नसत. तो रानात रमे. कोमेजलेली रोपटी आणून त्यांची शुश्रूषा करी. शेजारीपाजारी त्याला झाडांचा वैद्य म्हणू लागले. पण शिकायचे कोठे? जवळची शाळा गोऱ्या मुलांसाठीच होती. म्हणून लहानगा जॉर्ज सुमारे आठ मैल चालून निओशो या गावी गेला. तेथे मारिया वॉटकिन्स या कष्टाळू बाईंनी त्याला आसरा दिला. त्यांनी त्याच्या मनात ख्रिस्ती श्रद्धा दृढ केली, आणि मिळविलेली विद्या आपल्या दीनदुबळ्या बांधवांना परत द्यावी, अशी शिकवण दिली.

पुढे लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून जॉर्ज शिकत राहिला. एका महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला. परंतु जॉर्ज दारात उभा राहताच, वर्ण काळा म्हणून त्याला परत पाठविले. तरीही तो खचला नाही. १८९० मध्ये आयोवा संस्थानातील सिम्प्सन महाविद्यालयात तो चित्रकला शिकू लागला. त्याचे वनस्पतिप्रेम पाहून तेथील शिक्षिकेने त्याला कृषिविद्येकडे वळण्याचा सल्ला दिला. एम्स येथील कृषी महाविद्यालयात तो पदवीधर झाला आणि तेथेच अध्यापक म्हणून काम करू लागला.

अशा वेळी बुकर टी. वॉशिंग्टन यांचे पत्र आले. स्वतः गुलामगिरीत जन्मलेल्या या थोर शिक्षकाने कृष्णवर्णीयांसाठी टस्कीगी येथे संस्था उभारली होती. एम्समध्ये प्रयोगशाळा होती, मान होता, चित्रे काढण्याची ओढही मनात होती. हे सारे सोडून कार्व्हर टस्कीगीला गेले.

तेथे प्रयोगशाळेची साधनेच नव्हती. कार्व्हर यांनी विद्यार्थ्यांसह उकिरड्यावरच्या बाटल्या, डबे, तारा वेचल्या आणि त्यांतून उपकरणे तयार केली. प्रयोगासाठी मिळालेली जमीनही नापीक होती. विकतच्या खतांवर अवलंबून न राहता त्यांनी रानातील पालापाचोळा, दलदलीतील गाळ आणि शेणखत तिच्यात मिसळले. कापसाबरोबर आलटून पालटून चवळी व भुईमूग लावले. या झाडांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र जमिनीला मिळवून देतात. हळूहळू ती भूमी पुन्हा सुपीक झाली.

परंतु गरीब शेतकऱ्याला हे कळावे कसे? तो संस्थेकडे येऊ शकत नसेल, तर संस्थेनेच त्याच्याकडे जावे, असे ठरले. १९०६ साली अवजारे, बियाणे व खतांचे नमुने भरलेली एक गाडी खेडोपाडी फिरू लागली. पुढे शेतकऱ्यांनी भुईमूग भरपूर पिकविला. पण त्याला गिऱ्हाईक मिळेना. आपल्या सल्ल्याने शेतकरी अडचणीत येऊ नये, म्हणून कार्व्हर प्रयोगशाळेत अहोरात्र झटले. दूध, पीठ, रंग, साबण असे भुईमुगाचे सुमारे ३०० उपयोग त्यांनी दाखविले. १९२१ मध्ये अमेरिकेच्या लोकसभेच्या समितीने त्यांना बोलण्यास दहा मिनिटे दिली. पण त्यांचे बोलणे ऐकून सभासदांनी वेळेचे बंधनच काढून टाकले.

कार्व्हर रोज पहाटे चार वाजता उठून रानात जात. ती त्यांची प्रार्थनेची वेळ असे. परमेश्वराच्या सृष्टीत टाकाऊ असे काहीच नाही. माणूस अज्ञानाने नासाडी करतो, अशी त्यांची श्रद्धा होती. दर रविवारी ते विद्यार्थ्यांना बायबल शिकवीत, तेव्हाही हातात एखादे पान, दगड किंवा फूल असे. जो जमिनीला लुबाडतो तो तिच्यावर जगणाऱ्या माणसांनाही दुखावतो, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच मातीची सेवा आणि दीनांची सेवा ही दोन्ही त्यांना ईश्वराचीच सेवा वाटे.

वर्णभेदाचे अपमान त्यांनी जन्मभर सोसले; पण मनात कटुता येऊ दिली नाही.  साठविलेला पैसा त्यांनी १९४० मध्ये स्थापन झालेल्या संशोधन-निधीला दिला. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगी येथे त्यांचे देहावसान झाले. बुकर वॉशिंग्टन यांच्या समाधीशेजारीच त्यांची समाधी आहे. एका घोड्याच्या मोलाने परत मिळालेला तो अनाथ बालक ज्या भूमीला नवे जीवन देऊन गेला, त्याच भूमीच्या कुशीत तो विसावला आहे.