भाऊबीजेची ओवाळणी : महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे जीवनकार्य

देवळाचा जीर्णोद्धार एकट्यादुकट्याने होत नाही. कोणी रोख वर्गणी देतो, कोणी चिरे-वाळू देतो, कोणी अंगमेहनत करतो आणि मुंबईचा चाकरमानी पगारातून पैसे धाडतो. पेण-रोह्याकडील ग्रामस्थांना ही रीत नवी नाही. अशाच थेंबाथेंबाने जमविलेल्या पैशांतून स्त्रीशिक्षणाचे मंदिर उभारणारे एक थोर पुरुष आपल्या कोकणात होऊन गेले. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे आजोळी झाला. त्यांचे गाव दापोली तालुक्यातील मुरूड. आपल्या जिल्ह्यातील मुरूड-जंजिरा नव्हे. घरची स्थिती बेताची होती. सोमण गुरुजींच्या प्रेरणेने लहानगा धोंडू गावच्या देवळात ग्रामस्थांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. १८७५ साली परीक्षेसाठी तो भर पावसात सुमारे ११० मैल चालत साताऱ्यास गेला; पण वय लहान दिसते म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. तरी जिद्द सुटली नाही. पुढे मुंबईत शिकवण्या करून अण्णा १८८४ साली बी. ए. झाले व १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

गावाचा विसर त्यांना कधी पडला नाही. बाहेरगावी कमावत्या झालेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीचा अल्प अंश गावाच्या कामासाठी द्यावा, या हेतूने त्यांनी ‘मुरूड फंड’ सुरू केला होता.

प्रथम पत्नी राधाबाई यांच्या निधनानंतर, ११ मार्च १८९३ रोजी अण्णांनी बालविधवा गोदूबाई यांच्याशी विवाह केला. याच पुढे आनंदीबाई किंवा बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. त्या काळी विधवेचे केशवपन होई, तिला मंगलकार्यात स्थान नसे, मग शिक्षण कोठले? हा विवाह मुरूडास मानवला नाही. ज्या गावासाठी त्यांनी फंड काढला त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. वृद्ध आई व भाऊ यांनाही त्याची झळ लागली. अण्णांनी हे सारे मुकाट्याने सोसले, पण कोणाविषयी कटुता धरली नाही.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापन केली. विधवेला पायावर उभी करावयाची तर प्रथम शिक्षण हवे, हे त्यांनी ओळखले होते. लोकांचा विश्वास बसावा म्हणून पुनर्विवाहाची चळवळ त्यांनी आश्रमापासून वेगळी ठेवली. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याजवळ हिंगणे येथे सहा एकर जमीन व झोपडीसाठी ७५० रुपये दिले आणि १९०० साली आश्रम तेथे गेला. कॉलेजातील काम आटोपून अण्णा चिखल तुडवीत पायी हिंगण्यास जात. सुटी लागली की गावोगाव फिरून वर्गणी मागत. आनंदीबाईंच्या विधवा भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी शिक्षण घेऊन आश्रमास वाहून घेतले व निधीसाठी थेट अमेरिकेपर्यंत मजल मारली.

१९०७ साली महिला विद्यालय आणि १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली व विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. देणगी मोठीच. परंतु हिंगण्याच्या संस्थेचा ‘भाऊबीज निधी’ही तितकाच मोलाचा. दिवाळीत कार्यकर्ते घरोघर जात आणि संस्थेतील मुलींसाठी लोक ऐपतीप्रमाणे ओवाळणी घालीत. पाठीशी भाऊ नाही अशा शेकडो मुलींना अशा रीतीने हजारो भाऊ मिळाले. ही भीक नव्हे, बहिणीचा हक्क होय, ही जाण त्या निधीने समाजाला दिली.

१९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी अण्णांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. त्यासाठी आपल्या तुटपुंज्या पेन्शनीतील काही भाग दिला आणि पुन्हा दारोदार फिरू लागले. १९५८ साली, शंभरीत, त्यांना ‘भारतरत्न’ हा सर्वोच्च किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी देह ठेवला. एकेकाळी ज्यांना गावाने वाळीत टाकले, ते सर्व महाराष्ट्राचे अण्णा होऊन गेले.

देवळाचा कळस चढला म्हणून दानाचे काम संपत नाही. हायस्कूल दूर आहे, म्हणून आपल्या वाडीतील एखादी लेक घरी बसली असेल, तर येत्या भाऊबीजेला तिच्या ताटात गावाची ओवाळणी पडावी. वर्गणीदारांच्या यादीतील प्रत्येक नाव त्याही यादीत यावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.